उद्या शनिवार

आधी खिसे चाचपून बघा. मोबाइल आहे, पण त्याला रेंज देणारा टॉवर उभा राहायला अजून जवळपास शतक जायचंय. बँकेचं कार्ड आहे. ते इथे दात कोरायच्या कामाचंही नाही. पाचशेची एक नोट आहे. तिच्यावर हसणारा माणूस सध्या दक्षिण आफ्रिकेत वकिली करतोय आणि या फलाटावर त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. पगार, पीएफ, मेडिक्लेम, कुणीतरी भीड घातली म्हणून काढलेली विम्याची पॉलिसी, सगळं तिकडे सव्वाशे वर्षं पुढे राहिलं. तुम्ही केडगावच्या स्टेशनात उभे आहात. सन १९००, मे महिना, शुक्रवार, दुपारचे बारा-साडेबारा.

काल रात्री तुम्ही झोपला नव्हतात. कंपनीतून एक मेल आला होता, तीन ओळींचा, अतिशय सभ्य भाषेतला. तो वाचून तुम्ही पंखा बघत पडलात आणि छताला एकच प्रश्न विचारत राहिलात: उद्याचं काय? तोच प्रश्न घेऊन तुम्ही इथे उतरलाय.

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी तुम्हाला टाकून निघून गेली. समोर भीमथडी तालुका. ज्या भीमथडीच्या तट्टांचा आपल्याला एवढा अभिमान, ती हीच. आज इथे तट्टू दिसत नाही. दिसली एखादी गाय तर तिच्या बरगड्या मोजता येतात. १८९९ चा पाऊस फसला. तसं बघायला गेलं तर तो नुसता इथेच फसला नाही. गुजरात, काठेवाड, राजपुताना, मध्य प्रांत, सगळीकडे ज्येष्ठ कोरडा, आषाढ कोरडा आणि श्रावणात ऊन. विक्रम संवत १९५६, म्हणून लोक याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. तुमच्या काळात या भागात ऊस दिसतो, गुऱ्हाळांच्या चिमण्या दिसतात. आत्ता मात्र स्टेशनापासून नजर जाईल तिथवर एकच रंग आहे, भाजलेल्या विटेचा.

फलाटाच्या टोकाला सावलीत मुलींचा एक घोळका बसलाय. याच गाडीने उतरल्यात. मुली म्हणायचं, पण वय कळत नाही. बारा वर्षांची सहाची दिसते आणि दुसरी एक साठीची. केस तांबूस झालेत, पोटं पुढे आलीत, कोपर मनगटाच्या चौपट. अंगावर फाटकी गुजराती ओढणी, काहींच्या अंगावर तेवढीही नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन बायका पांढऱ्या सुती लुगड्यांत आहेत, दोघी तरुण. त्या कुणालाही घाई करत नाहीत. जिला चालवत नाही तिला उचलतात, काखोटीला मारतात आणि बैलगाडीत ठेवतात. ओझं किती हलकं आहे ते त्यांच्या पाठीवरून कळतं, पाठ वाकतच नाही.

तुम्ही त्या गाडीमागे चालू लागा. जायचंय ते ठिकाण लांब नाही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन.

*

आवारात शिरल्याबरोबर पहिला आवाज ऐकू येतो तो घणाचा. दुष्काळात, जिथे माणसाला उभं राहवत नाही तिथे, बांधकाम चाललंय. दगड घडवतायत, चुना मळतायत. एका मोठ्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, भिंती वर येतायत. पाया गेल्याच वर्षी, ऐन दुष्काळ सुरू होताना घातलाय. तुमच्यातला हिशेबी माणूस लगेच मान हलवतो. या दिवसांत कोण बांधकाम काढतं? पैसे हातचे राखून ठेवायचे सोडून? पण आसपासच्या गावांतले जे पुरुष आणि बायका त्या पाट्या वाहतायत त्यांच्याकडे जरा बघा. त्यांना संध्याकाळी मजुरी मिळणार आहे. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला मैलोन् मैल जावं लागतं, ते यांना लागलेलं नाही.

पलीकडे शंभरेक एकरांची जमीन. रमाबाईंनी काही वर्षांपूर्वी घेतली तेव्हा विचार साधा होता. पुण्यात त्यांचं शारदा सदन चाले, बोस्टनच्या मंडळींच्या मदतीवर. ती मदत दहा वर्षांच्या बोलीची. बोली संपल्यावर काय, म्हणून संत्र्यांची आणि इतर फळांची झाडं लावायची आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. बघा, हिचंही आर्थिक नियोजन होतं. तुमच्यासारखंच. फक्त झाडं मोठी व्हायच्या आत मुली आल्या.

त्या कशा आल्या तेही ऐका. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई पुण्यात बातम्या वाचत होत्या. हाताशी पैसा नव्हता. होत्या त्या मुलींचंच कसंबसं भागत होतं. त्या आधी साठेक मुली आणायच्या म्हणत होत्या, मग मनाशी आकडा धरला तीनशे, आणि निघाल्या. तिकडे त्यांनी सरकारी दुष्काळी छावण्या पाहिल्या, आणि त्या छावण्यांभोवती घिरट्या घालणारी माणसंही पाहिली, जी कोवळ्या पोरींना भाकरीचं आमिष दाखवून भलतीकडे नेत. मुली घेऊन पुण्यात परतल्या तर पुण्यात प्लेग. घराघरांत तपासणी, प्लेग अधिकारी रँडचा अंमल, गावाबाहेर सेग्रिगेशनच्या छावण्या. एवढ्या दुष्काळी मुली शहरात ठेवायच्या नाहीत असा हुकूम झाला. मग ही केडगावची जमीन आठवली. झोपड्या, तंबू, झाडाच्या सावल्या, मिळेल तो आडोसा. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीत मुली उगवल्या.

आणि आता, छप्पनच्या दुष्काळात, इथे सुमारे १,९०० माणसं आहेत.

हा आकडा घशाखाली उतरवायला तुम्हाला स्वयंपाकघराकडे जावं लागेल.

*

चुलाणं जमिनीत खोदलेली, लांबच लांब. धूर इतका की आत शिरलात तर आधी खोकला, मग डोळ्यांना पाणी, आणि मग कुठे माणसं दिसायला लागतात. ज्वारीच्या पिठाचे ढीग परातीत नाही, चटईवर आहेत. माणशी एका वेळी दोन भाकऱ्या धरल्या तर ३,८०० भाकऱ्या. दिवसाला माणशी अर्धा शेर धान्य धरलं तर ९५० शेर, म्हणजे चोवीस मणांच्या आसपास. रोज. परवाही, तेरवाही. तुमच्या घरी महिन्याचा किराणा ऑनलाइन येतो, आणि ॲपमध्ये एक वस्तू 'उपलब्ध नाही' दिसली तरी तुमचं डोकं फिरतं.

भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत एक जण तुमच्याकडे वर न बघता विचारते, "हात रिकामे आहेत का? मग हे पीठ चाळा."

तुम्ही चाळण घेता. तिचं वय विशीच्या आतबाहेर. ती १८९७ च्या तुकडीतली, नर्मदेकाठच्या कुठल्याशा गावातली. मराठी इथे येऊन शिकली, त्यामुळे मधूनच एखादा शब्द तिकडचा पडतो. नवव्या वर्षी लग्न, दहाव्या वर्षी नवरा गेला, सोळाव्या वर्षी दुष्काळ. हे ती तीन भाकऱ्यांत सांगून टाकते: एक थापताना, एक तव्यावर टाकताना, एक उलथताना. चौथी भाकरी मुकाट्याने होते, कारण बहीण वाटेत गेली ते तिला सांगायचं नसतं. शेजारची दुसरी सांगते, हळू आवाजात.

तुमच्या मनात जे येतं ते मीही टाळू नये. आणलेल्या सगळ्याच मुली जगल्या नाहीत. काही तर इथे येऊन, खायला मिळाल्यावर, पोटाला ते न झेपून गेल्या. उपाशी शरीराला अन्न कसं द्यायचं, पेजेपासून किती हळूहळू, हे इथल्या बायकांना मुली गमावता गमावता कळत गेलं. देव सांभाळतो म्हणणाऱ्या जागेत मातीचे नवे उंचवटे आहेत. त्याचा उलगडा इथे तुम्हाला कुणी करून देणार नाही. विचारूही नका. चाळा पीठ.

घंटा होते. आवारात एकदम शांतता, आणि मग हजारभर गळ्यांतून एकाच वेळी निघालेला प्रार्थनेचा गलका, ज्यात मराठी आहे, गुजराती आहे, हिंदी आहे. तुम्हाला जरा अवघडल्यासारखं होतं. तुमच्या घरी आजोबा वारीला जायचे. लहानपणी ऐकलेलं सगळं आठवतं: दुष्काळात भाकरी देऊन बाटवतात वगैरे. ही कुजबूज नुसती तुमच्या घरातली नाही. शारदा सदन १८८९ मध्ये निघालं तेव्हा मुलींच्या धर्माला हात लावणार नाही असं ठरलं होतं. १८९३ साली त्यावरून पुण्यात वादळ उठलं, 'केसरी'ने झोडपलं, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणारे सगळे काही खलनायक नव्हते, आणि मुक्तीत तर ख्रिस्ती धर्म उघड उघडच शिकवला जातो. मला विचाराल तर, भुकेल्या मुलीला भाकरीबरोबर प्रार्थना द्यावी की नाही हा वाद घालण्याजोगा आहे. पण तो घालायला ती मुलगी आधी जगायला हवी, आणि १८९७ मध्ये त्या छावण्यांत वाद घालणाऱ्यांपैकी फारसं कुणी दिसलं नव्हतं.

*

त्या बघा, आल्या.

बुटक्या. अंगावर जाडंभरडं पांढरं लुगडं, डोक्यावरचे केस कापलेले, डोळे घारे. बेचाळीस वर्षांच्या आहेत, दिसतात त्याहून मोठ्या. ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलणाऱ्याच्या ओठांकडे मान किंचित पुढे करून बघतात, आणि अनोळखी माणसाला वाटतं आपण फारच महत्त्वाचं काही बोलतोय. या बाईंना वीस वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत. इंग्लंडला जाऊन शिकवून आल्या, अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देऊन आल्या. आत्ता त्या एका गाडीवानाशी सरपणाबद्दल हुज्जत घालतायत.

त्यांच्या तोंडी मी माझे शब्द घालणार नाही. त्यांनी स्वतः पुष्कळ लिहून ठेवलंय, आणि ते माझ्यापेक्षा रोखठोक आहे. पण त्या एवढ्या ठाम पावलांनी कशा चालतात हे कळायचं तर तुम्हाला केडगाव सोडून आणखी पंचविसेक वर्षं मागे यावं लागेल. चाळण खाली ठेवा. फार वेळ नाही लागायचा.

रायचूर. हाही दुष्काळच. धर्मशाळेसारख्या एका जागी एक बाई तापाने फणफणलीय आणि भ्रमात खायला मागतेय, कधी हे, कधी ते. तिचा नवरा, अनंतशास्त्री डोंगरे, मोठा विद्वान, पुराणं सांगत देशभर फिरलेला, नुकताच गेलाय. त्याने बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मसभेपुढे जाब द्यावा लागलेला माणूस. देवावर त्याचा भरवसा तुमच्या-माझ्यासारखा अडीनडीचा नव्हता. जवळचं होतं नव्हतं ते सगळं दानधर्मात, अनुष्ठानांत, तीर्थयात्रांत घातलं. मग पैसा संपला, दागिने संपले, भांडी संपली. अंगमेहनतीचं काम करायचं शिकवलेलंच नव्हतं आणि भीक मागायची लाज. मग कुटुंबच्या कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात शिरलं, मरायला. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर. शेवटी बापाने जलसमाधीची तयारी केली, मुलांचा निरोप घेतला. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, की मी अभिमान सोडतो आणि मोलमजुरी करतो. बाप पुढे तापाने गेलाच, पण जाण्याआधी धाकट्या मुलीला जवळ घेऊन तिला देवाच्या हाती सोपवून गेला.

ती धाकटी मुलगी आता तुमच्यासमोर आहे. सोळा-सतराची. आईसाठी काहीतरी मागून आणावं म्हणून शेजारच्या ब्राह्मणाच्या दारात जाऊन उभी राहिलीय. तुम्ही तिच्या मागे, चार हातांवर. घरातली बाई विचारते, काय हवंय? मुलीच्या तोंडून शब्द फुटत नाही. उभी आहे, आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. त्या बाईने ओळखलं. आत गेली आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा आणून हातावर ठेवला. मुलीला आभारही मानता आले नाहीत. ती पळत आईकडे आली.

आईला तो खाववला नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिरडी निघते. स्मशान तीन मैल. खांदा द्यायला दोन ब्राह्मण कसेबसे तयार झालेत, तिसरा भाऊ, आणि चौथं कुणी नाही म्हणून ही मुलगी. उंची कमी. तिरडीचा तिच्या बाजूचा कोपरा खांद्यावर घेतला तर प्रेत कलतं. म्हणून तिने तो डोक्यावर घेतलाय. ती तीन मैल अशी चालते. मागून तुम्हाला दिसतं ते एवढंच: डोक्यावर आईच्या तिरडीचा कोपरा, ताठ मान आणि अनवाणी पाय.

मग मोठी बहीणही गेली. उरले भाऊबहीण. ते चालतच राहिले, काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी थंडी सोसेना तेव्हा वाळूत दोन खड्डे खणले, कबरीसारखे, आणि त्यांत उतरून गळ्यापर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढून झोपले. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खायचं. पुढे भाऊ ढाक्याला वारला. हिचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आतच नवरा पटकीने गेला.

आता केडगावला परत या आणि त्या बाईंकडे पुन्हा बघा. ज्या देवांवर बापाने एवढा भरवसा टाकला त्यांच्यावरचा तिचा विश्वास त्या वणवणीत हळूहळू उडाला, आणि पुढे तिला वेगळा देव सापडला, हा झाला तिच्या श्रद्धेचा इतिहास. तो तिने लिहिलाय. मला जे दिसतं ते थोडं निराळं आहे. बापाने सगळं देवावर टाकलं आणि हात बांधून घेतले. ही सगळं देवावर टाकते आणि विहीर खणते. भाकरी मागायला दारात उभं राहिल्यावर जीभ कशी टाळ्याला चिकटते हे तिला आतून ठाऊक आहे. म्हणून ती मुलींना दारात यायची वेळच येऊ देत नाही, आधीच गाडीत बसून त्यांच्या गावी जाते.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरबद्दल तिने वाचलंय. हजारो अनाथ मुलं सांभाळली, माणसांपुढे हात न पसरता फक्त देवाकडे मागितलं, अशी त्याची ख्याती. रमाबाईंचीही तीच रीत: वर्गणीदार नाहीत, ठरलेलं अनुदान नाही, टपालाने येईल ते देवाने धाडलं असं समजायचं. येतंही, इंग्लंडहून, अमेरिकेहून, ऑस्ट्रेलियाहून. मागत नाहीत खऱ्या, पण दुष्काळात काय पाहिलं ते त्या इंग्रजीत असं लिहितात की वाचणाऱ्याचा हात आपसूक पाकिटाकडे जावा. मला यात ढोंग दिसत नाही. अनंतशास्त्र्यांकडे पुराण सांगण्याची जीभ होती, लेकीने ती कामाला लावली एवढंच.

*

ऊन कलतंय. तुम्हाला विहिरीवर पाठवलंय, कारण पीठ चाळताना तुम्ही फार सांडता.

आवारात पाण्याची भिस्त दोन विहिरींवर. १,९०० माणसं, शंभरावर गुरं, वर बांधकामाचा चुना. तो तर पाणी नुसतं पितो. संध्याकाळपर्यंत विहिरीचा तळ दिसायला लागतो. पोहरा खाली जातो तेव्हा पाण्यात पडल्याचा गब्ब आवाज येत नाही. खडकावर आपटल्याचा खण्ण येतो, आणि मग कुणीतरी वरून दोर हलवत पोहरा आडवा करून गाळाचं पाणी त्यात ओढून घेतं. गढूळ, कोमट, मुरमाच्या रंगाचं. तेही येतं. मग तेही येत नाही. विहीर संपली.

आणि सकाळी ती पुन्हा भरलेली असते. अगदी काठोकाठ नव्हे, त्या दिवसापुरती. इथल्या बायका हे चमत्कार म्हणून सांगतात आणि त्या काळच्या लिखाणातही ते तसंच आलंय. तुमच्या ओळखीत कुणी शेतकरी असेल तर तो म्हणेल, त्यात काय, पाझराची विहीर आहे. काळ्या पाषाणाच्या भेगांतून रात्रभर झिरपतं, उपसा थांबला की विहीर सावरते. खरंय. पण त्याच शेतकऱ्याला हेही विचारा की यंदाच्या साली त्याच्या विहिरीने कितीदा सावरलं. पंचक्रोशीतल्या कित्येक विहिरी मार्चमध्येच हात वर करून मोकळ्या झाल्यात. मी चमत्कारही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मला त्यातलं एकच आवडतं: पाणी साठवायला कुणालाच मिळत नाही. उद्याचं पाणी आज उपसता येत नाही, कारण ते अजून खडकातच आहे.

इथून थोड्या अंतरावरून, यवत-वरवंडच्या वाटेने, तुमच्या काळातही तुकोबांची पालखी जाते. आजोबा त्याच वाटेने चालायचे. तुकोबांनीही असाच दुष्काळ पाहिला होता, १६३० च्या सुमाराचा. पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. आणि परंपरा सांगते, की त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. दुसऱ्यांकडून येणं होतं ती खतं. तुम्ही हे कीर्तनात शंभरदा ऐकलंय. पण कोरड्या विहिरीच्या काठावर, हातात दोर असताना आठवलं तेव्हा पहिल्यांदा पोटात हललं.

अंधार पडतो. दुपारी स्टेशनवर उतरलेल्या मुली पेज पिऊन ओळीने झोपल्यात. त्यांतल्या एकीला कुणीतरी भाकरीचा तुकडा दिलाय, अजून खायचा नाही असं बजावून, नुसता हातात धरायला. ती तो उशाला घेऊन झोपलीय आणि झोपेतही तिची बोटं त्यावरून फिरतायत, आहे ना आहे ना अशी. शेजारीच तीन महिन्यांपूर्वी आलेली एक पोर पालथी, हातपाय पसरून, उशाशी काहीही न घेता घोरतेय.

या अख्ख्या आवारात एकच गोष्ट तुमच्यापाशी आहे जी दुसऱ्या कुणापाशी नाही. तुम्हाला पुढचं माहीत आहे. यंदा पाऊस येणार, हे माहीत आहे. ही मुक्ती तुमच्या काळातही उभी असणार, हे माहीत आहे. या बाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणणार, बोजड संस्कृत शब्द टाळून, या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि इथल्याच मुली त्याचे खिळे जुळवून छापणार. त्यांची एकुलती एक मनोरमा, जिच्या हाती हे सगळं सोपवायचं, ती त्यांच्या आधी, १९२१ मध्ये, जाणार. आणि १९२२ च्या ५ एप्रिलला त्या स्वतः. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, आणि कंदील घेऊन झोपलेल्या मुली मोजत फिरणाऱ्या त्या बाईंना यातलं काहीही ठाऊक नाही. सांगावंसं वाटतं का? पाऊस येणार एवढं तरी? सांगून बघा. त्यांना ऐकू कमी येतं, ओरडावं लागेल, आणि मुली जाग्या होतील.

तुम्ही चुलाणांपाशी येऊन बसता. निखारे राखेत झाकलेत. भाकऱ्या थापणारी ती नर्मदेकाठची बाई उद्यासाठी हंडे पालथे घालतेय. दिवसभरात दाण्यांची पोती रिकामी होताना तुम्ही पाहिलीत. कोपऱ्यात आता किती उरलीत तेही तुम्ही मोजलंत, सवयीने. बोटावर मोजण्याइतकी. तुमच्याने राहवत नाही. कालपासून जिभेवर असलेला तो प्रश्न शेवटी तिलाच विचारता.

"उद्याचं काय?"

ती हंड्यावरची राख झटकते. तुमच्याकडे बघते, जरा विचारात पडून, हा असं का विचारतोय ते न कळल्यासारखी.

"उद्या?" ती म्हणते. "उद्या शनिवार. सकाळच्या गाडीने आणखी मुली यायच्या आहेत. पहाटे उठा बरं का, त्या पलीकडे अजून एक चुलाण खणायचंय."